बैलाचा गोंडा आरशाला

कांद्याचा हंगाम भरात असला की देवळ्याच्या किंवा उमराण्याच्या बाजार समितीबाहेर सकाळपासून वाहनांची रांग लागते. ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली, पिकअप, ‘छोटा हत्ती’. ही वाहने बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि रंग त्याहून कमी: तांबडा, निळा, हिरवा, पांढरा. आपला नंबर यायला अजून वेळ आहे असे पाहून शेतकरी चहाला जातो. परत येतो तेव्हा इतक्या सारख्या वाहनांत आपले कोणते, हे शोधायला तो नंबरप्लेट वाचीत बसत नाही. त्याची नजर आरशाकडे, समोरच्या जाळीकडे, दिव्याच्या दांडीकडे जाते. तिथे तांबड्या-काळ्या लोकरीचा गोंडा असतो, कवड्यांची माळ असते, जुन्या नऊवारीच्या काठाची झालर असते. हे आपल्या घरचे, हे तो लांबून ओळखतो.

मोटारीच्या कारखान्याच्या भाषेत आरसा, गिअरची मूठ, सीटचे कव्हर या सगळ्याला ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणतात. त्यांची छापील यादी असते, प्रत्येकाला क्रमांक असतो, किंमत असते. पण त्या आरशाला घरच्या माणसांनी जे बांधले त्याला यादीत जागा नाही, कारण ते कुठल्याही दुकानातून आलेले नसते. ते आले घरातून, आणि बहुतेक वेळा घरातल्या टाकाऊ वस्तूंच्या गाठोड्यातून.

या गाठोड्यात काय काय असते ते पाहण्यासारखे आहे. पोराला आखूड झालेला स्वेटर उसवला की त्याची लोकर निघते. उसवलेली लोकर मुरडलेली असते आणि गोंड्याला तीच चांगली, कारण ती फुलून येते. गोधडीला लावून उरलेल्या चिंध्या असतात. विरलेल्या लुगड्याचा काठ असतो, कारण लुगडे विरते, काठ विरत नाही. कांद्याच्या बारदानाची सुतळी आणि ते शिवायचा दाभण तर इथल्या प्रत्येक घरात. मग सदऱ्यांची बटणे, तुटलेल्या माळेचे मणी, रिठ्याच्या काळ्याभोर बिया, चिंचोके, ब्लाउजवरच्या टिकल्या. मध्यंतरी कॅसेटी बाद झाल्या तेव्हा त्यांतली चकाकणारी फीत पाखरे उडवायला शेतात बांधत असत. तिचीही झुरमुळी वाहनांवर दिसू लागली. आणि या सगळ्यात सर्वांत जुनी, सर्वांत जपलेली वस्तू म्हणजे बैलाच्या गळ्यातली कवड्यांची माळ. बैल गेला, माळ राहिली.

माझ्या मते या सजावटीची मुळे तिथेच, गोठ्यात आहेत.

श्रावणातल्या अमावस्येला पोळा येतो. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे, वर्षभर जू वाहिलेला खांदा शेकायचा आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याच्या दिवशी अंघोळ, शिंगांना हिंगूळ किंवा रंग, त्यावर बेगड, टोकांना पितळी शेंब्या. कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. नवी वेसण, नवा कासरा, नवी म्होरकी. यांतली दोरकामे अंबाडीची, घायपाताची. ती वळणारे हात बहुधा मातंग समाजातल्या कारागिरांचे. त्या दोराला घरच्या बायका गोंडे लावायच्या. म्हणजे बैलाच्या अंगावर गावातले कसब आणि घरातले कसब अशी दोन्ही एकत्र यायची. आणि ही हौस नुसती शोभेची नव्हती. घुंगरांच्या आवाजावरून अंधारात गाडी कोणाची ते कळायचे. कपाळावरची झुरमुळी डोळ्यांवरच्या माश्या हाकलायची. कवडी आणि काळा दोरा दृष्ट काढायचे. लदणीचे तांडे घेऊन देशभर फिरणारे बंजारेही आपल्या पुढच्या बैलाला कवड्या, भिंगे लावून सजवीत. ज्याच्या पायावर आपले पोट, त्याला सजवायचे, असा हा साधा हिशेब.

मग बैल कमी होत गेले. २०१९च्या पशुगणनेत, २०१२च्या मानाने देशातल्या गोवंशातील नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यामागची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: वैरण महाग, सालगडी मिळत नाही, ट्रॅक्टर तासाभरात जे करतो त्याला बैलजोडीला दिवस लागतो. यात हळहळण्यासारखे असले तरी दोष देण्यासारखे काही नाही. पण बैल गेल्यावर त्याला सजवणाऱ्या हातांचे काय झाले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ते हात काही एका दिवसात थांबले नाहीत. त्यांनी समोर जे आले त्याला गोंडा बांधला. आता कित्येक गावांत पोळ्याला ट्रॅक्टरची मिरवणूक निघते. बाशिंग बोनेटवर चढते, झूल सीटवर येते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला झेंडूची माळ तर सगळ्याच वाहनांना. पण झेंडू दुसऱ्या दिवशी सुकतो. गोंडा वर्षभर राहतो.

मी बँकेत नोकरी केली, म्हणून या गोष्टीची दुसरी बाजूही मला पाहायला मिळाली. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ साली नाबार्ड आली, आणि ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला शेतकरी बँकेची पायरी चढू लागला. ट्रॅक्टर-कर्ज म्हणजे ग्रामीण शाखेच्या दृष्टीने मोठे प्रकरण. जमिनीचे उतारे, जामीनदार, वर्षानुवर्षांचे हप्ते. कर्ज फिटेपर्यंत ट्रॅक्टर बँकेकडे तारण, आणि तसे त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यायचे. अधिकारी पाहणीला गेला की ती अक्षरे जागेवर आहेत ना, हे त्याने पाहायचे आणि अहवालात लिहायचे.

म्हणजे नव्याकोऱ्या ट्रॅक्टरवर पहिली अक्षरे उमटत ती बँकेची. घरच्यांची खूण त्यानंतर. दारात ट्रॅक्टर आला की कुंकवाचे स्वस्तिक, हळदीची पाच बोटे, चाकाखाली नारळ, आणि शेवटी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या हातचा गोंडा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांच्या आद्याक्षरांवरून इथले लोक आपल्या मुलखाला ‘कसमादे’ म्हणतात. देवळा तालुका स्वतंत्र झाला तो १९९९ साली, पण माणसे, बोली आणि बाजार त्याआधीपासून एकच. इथल्या घराघरांत अहिराणी बोलतात. गोंडा बांधताना एका आजीने म्हटलेले वाक्य माझ्या कानात आहे: “हाऊ आपला शे, बँकना नही.” हा आपला आहे, बँकेचा नाही. कायद्याच्या दृष्टीने आजीचे म्हणणे चूक होते. पण त्या घराने पुढची इतकी वर्षे हप्ते भरायचे कशाच्या जोरावर, याचे उत्तर तिच्या त्या वाक्यातच होते.

सगळ्याच घरांना ते जमले नाही. एका वर्षी कांद्याचे भाव पडले, पुढच्या वर्षी गारपीट झाली, आणि थकबाकीपोटी एक ट्रॅक्टर ताब्यात घेण्याची वेळ आली. गावाचे नाव सांगत नाही. यादी करण्याचे काम चालू होते. जॅक, पान्ह्यांची पेटी, टोइंगचा पट्टा, बॅटरी, टायर किती झिजले ते. घरधनी ओट्यावर बसून होता, काही बोलत नव्हता. आतून त्याची आई विळा घेऊन आली. सगळेजण जरा दचकलेच. ती कोणाकडे न पाहता ट्रॅक्टरजवळ गेली, दिव्याच्या दांडीचा गोंडा कापला, पदरात घेतला आणि म्हणाली, “गोंडा आमना शे.” तिचे म्हणणे बरोबरच होते. जप्तीच्या यादीत गोंड्याला रकाना नव्हता. त्याची किंमत शून्य होती, म्हणून तो त्या घराकडून कोणी घेऊ शकत नव्हते. पुढे कादंबऱ्या लिहिताना शेतकऱ्याच्या मालकीविषयी मी बरीच पाने भरली. पण त्या बाईने एका वाक्यात जे सांगितले त्याहून अधिक माझ्या हातून लिहून झाले असे वाटत नाही.

चाकावर चालणाऱ्या वस्तूला आपलेसे करण्याची ही खोड जगभर आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात कॉफी वाहणाऱ्या बैलगाड्यांची चाके नक्षीने रंगवतात. सार्ची हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि युनेस्कोने २००५ साली या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. फिलिपिन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीपगाड्या लोकांनी लांबवल्या, रंगवल्या, सजवल्या आणि त्यांची ‘जीपनी’ केली. पाकिस्तानातले ट्रक तर नवरीसारखे नटतात. बंपरखाली लोंबणाऱ्या साखळ्यांची किणकिण दुरून ऐकू येते. बैलगाडी असो की लष्करी जीप, दुसऱ्याने बनवलेली वस्तू माणसाला तशीच्या तशी वापरवत नाही.

आपल्याकडे मात्र गेल्या काही वर्षांत यात एक फरक पडला आहे. महामार्गावरच्या दुकानांत आता सगळे तयार मिळते. नायलॉनची चौरी, प्लॅस्टिकची लिंबू-मिरची, चिकटवायचे खोटे आरसे, बॅटरीवर लुकलुकणारे देव, रेडियमची अक्षरे. प्लॅस्टिकची मिरची सुकत नाही, लिंबू सडत नाही, दर शनिवारी बदलायला नको. सोय म्हटली तर मोठी. पण खरी लिंबू-मिरची, तिच्यात ओवलेला बिब्बा, ही दर आठवड्याला बदलावी लागे म्हणूनच कोणीतरी दर आठवड्याला वाहनाजवळ जाऊन उभे राहत असे. तेवढ्यात टायरची हवा दिसे, तेलाचा ओघळ दिसे. दृष्ट निघाली की नाही, ते देव जाणे. वाहनाकडे कोणाची तरी दृष्टी गेली, एवढे नक्की. विकतची शोभा एकदा लटकवली की तिच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. मला तिची उणीव दिसते ती इथे.

कारण या सगळ्या बांधण्या-सजवण्याच्या तळाशी भीती असते, हे आपण विसरू नये. २८ जानेवारी २०२० रोजी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि प्रवासी रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. पंचविसाहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताचा सजावटीशी काही संबंध नव्हता. पण ज्या मुलखाने ते पाहिले, तिथे बाहेर निघणाऱ्या गाडीला काळा दोरा बांधणाऱ्या आईला अंधश्रद्ध म्हणून हसणे मला जमत नाही. तिच्या हातात तेवढेच असते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोंडा मायेचा असला तरी त्याची जागा चुकली तर तो घात करतो. मोटारीच्या आतल्या आरशाला लोंबकळणारी वस्तू चालकाच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते. एवढ्या जवळची तळहाताएवढी वस्तू शंभर फुटांवरचा मोटारसायकलस्वार सहज झाकून टाकते. त्यातून ती हलत असते, आणि हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप वळतो. चांदवडकडून देवळ्याला येताना भावडबारी घाटाच्या वळणावर एवढी चूक पुरते. ट्रॅक्टरचा आरसा बाहेर असतो, त्याच्या दांडीखाली लोंबणारा गोंडा भिंगाच्या आड येत नाही; तिथली गोष्ट निराळी. बंद मोटारीत तीच रीत जशीच्या तशी चालत नाही.

दुसरी काळजी हवेच्या पिशवीची, म्हणजे एअरबॅगची. २०१९च्या जुलैपासून नव्या मोटारींत चालकासमोर ती सक्तीची झाली, पुढे शेजारच्या प्रवाशासाठीही झाली. धडक बसताच ती पापणी लवण्याच्या आत फुगते. त्या झाकणावर, म्हणजे स्टेअरिंगच्या मधोमध किंवा डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, चिकटवलेली कवडी, भिंग किंवा पितळी मूर्ती त्या क्षणी गोळीसारखी तोंडावर येऊ शकते. ज्या सीटच्या कडेतच एअरबॅग असते तिला जाडजूड कव्हर शिवून पिशवीची वाट बंद करू नये. स्टेअरिंगला लोकरीचे विणकाम नकोच. ते हातात फिरते. बांगड्यांच्या काचा कितीही सुंदर दिसल्या तरी वाहनात नकोत. आणि गुंजा तर मुळीच नकोत. तांबड्या-काळ्या गुंजा माळेत ओवायचा मोह होतो, पण आतून त्या जहाल विषारी असतात. भोक पाडलेली गुंज लहान मुलाने चावली तर जिवावर बेतते.

कायद्यानेही काही बंधने घातली आहेत. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. ट्रकांच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद करायला सांगितले, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. नंबरप्लेटवर दादा, मामा, भाऊ अशी वाचली जाणारी नक्षीदार अक्षरे नियमात बसत नाहीत. या बंधनांची चीड येण्याचे कारण नाही. बैलाच्या कपाळावरची झुरमुळीही जाणते शेतकरी त्याच्या डोळ्यांवर येणार नाही एवढीच लांब ठेवत. सजवायचे पण त्याला दिसायला अडवायचे नाही, हा नियम आपल्याकडे आधीपासूनच होता.

मग मोटारीत गोंडा लावावा कुठे? जागा पुष्कळ आहेत. मागच्या सीटच्या पाठीला गोधडीच्या तुकड्यांचा खिसा शिवता येतो. त्यात पाण्याची बाटली, मुलांचे पुस्तक राहते. समोर ऊन अडवायला जी पट्टी असते तिला लुगड्याच्या काठाची पट्टी घट्ट टाचता येते. मागे ठेवायच्या उशीला झालर लावता येते. मात्र गिअरच्या मुठीला काही बांधू नये, पायांजवळ लोंबते काही ठेवू नये. आणि ज्याला काहीच जमत नाही त्याच्यासाठी किल्ली आहे.

गोंडा करायला अवघड नाही. हाताची चार बोटे जोडून धरायची आणि त्यांभोवती लोकरीचे चाळीस-पन्नास वेढे घ्यायचे. फार ओढायचे नाहीत. वरच्या बाजूने सुतळीचा तुकडा घालून पक्की गाठ मारायची, हीच पुढे अडकवायची दोरी. वेढे बोटांवरून अलगद काढायचे, खालची टोके कात्रीने कापायची. मग गाठीच्या अर्ध्या-पाऊण इंच खाली दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने मान आवळायची आणि दोऱ्याचे टोक सुईने आत दडवायचे. शेवटी वाफेवर क्षणभर धरून झटकला की तो फुलतो. मानेवर एक कवडी किंवा रिठ्याची बी बसवली की काम झाले. किल्लीचा गोंडा मात्र हलका हवा. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो मोटारी परत बोलावल्या. किल्लीला जड जुडगे लोंबत असले की त्या स्विचमध्ये किल्ली आपोआप फिरून चालते इंजिन बंद पडण्याचा धोका होता. दहा ग्रॅम लोकरीने असे काही होत नाही.

हे काम घरातल्या लहान मुलाला तासाभरात येते. पण शिकवायला घरातले म्हातारे माणूसच हवे, कारण वेढा किती सैल आणि मान किती घट्ट, हे सांगून कळत नाही, हात धरून दाखवावे लागते. ज्या बायकांनी बैलांसाठी गोंडे केले त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातवंडांच्या मोटारी पुण्या-नाशिकला असतात, सुटीत गावाकडे येतात, चार दिवस अंगणात उभ्या राहतात. त्या चार दिवसांत आजीला विचारावे. ती आधी म्हणेल, आता कुठे दिसतंय मला. मग डब्यातून लोकर काढेल.

कसमाद्यातल्या अशाच एका घरी मी हे होताना पाहिले. नातू हप्त्यावर घेतलेली पांढरी मोटार घेऊन आला होता. आजीला गोंडा आरशालाच बांधायचा होता. तो म्हणाला, “आजी, समोरचं दिसत नाही गं.” तिने थोडा विचार केला आणि किल्ली मागून घेतली. संध्याकाळपर्यंत किल्लीला तांबडा-काळा गोंडा होता, वर जुन्या माळेतली एक कवडी. ती कोणत्या बैलाच्या गळ्यातली, हेही तिने त्याला सांगितले. बैलाचे नाव त्याने पहिल्यांदाच ऐकले.